भुकटीपासून ताटापर्यंत : ब्रिटनमधील मॅड काऊ रोगाचा इतिहास

सन १९८६ ते १९९६ या दशकात गोमांस खाणे सुरक्षित आहे की नाही, हा प्रश्न ब्रिटनच्या संसदेत, वृत्तपत्रांत, शाळांच्या भोजनगृहांत आणि घरोघरी विचारला गेला, आणि त्यावरचे सरकारी उत्तर जवळजवळ अखेरपर्यंत एकच राहिले, ते म्हणजे गोमांस निर्धोक आहे. या उत्तराचा मागोवा घेतला असता असे दिसते की, खाणाऱ्याची सुरक्षितता जेथे ठरत होती त्या जागा खाणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्याबाहेर होत्या. कत्तलीनंतर उरलेले अवशेष उकळणारे कारखाने, पशुखाद्याच्या गिरण्या आणि कत्तलखान्यात गायीचा कणा उभा चिरणारी करवत या तीन ठिकाणी काय घडत होते, यावर त्या उत्तराचा खरेखोटेपणा अवलंबून होता. म्हणून मॅड काऊ या लोकप्रचलित नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा इतिहास हा प्रथमतः एका दुर्लक्षित व्यवसायाचा इतिहास आहे आणि त्यानंतर तो शासनाने दिलेल्या आश्वासनांचा इतिहास आहे.

हा व्यवसाय म्हणजे रेंडरिंग. गायीची कत्तल झाल्यावर तिच्या वजनाचा मोठा भाग मनुष्याच्या खाण्यात येत नाही. हाडे, डोके, आतडी, चरबीचे तुकडे आणि रोगाने किंवा अपघाताने मेलेली जनावरे यांची विल्हेवाट कोणाला तरी लावावीच लागते. रेंडरिंगच्या कारखान्यात हा सारा माल दळून, मोठ्या भांड्यांत तापवून, त्यातील पाणी उडवले जाते आणि वितळलेली चरबी वेगळी काढली जाते. ही चरबी साबण, मेणबत्त्या आणि खाद्यउद्योगाकडे जाई, तर मागे राहिलेला चोथा दाबून, वाळवून, दळून त्याची प्रथिनयुक्त भुकटी केली जाई, जिला व्यापारात मांस-अस्थिचूर्ण म्हटले जाते. शहरे वाढली, कत्तलखाने मोठे झाले, तसतसा हा व्यवसाय सार्वजनिक आरोग्यासाठी अपरिहार्य ठरला, कारण त्याच्याविना लक्षावधी टन कुजका माल उघड्यावर किंवा खड्ड्यांत पडून राहिला असता. कोणतीही वस्तू वाया जाऊ न देणे हा या धंद्याचा प्राण होता, आणि त्यात मुळात निंद्य असे काहीही नव्हते.

प्रश्न निर्माण झाला तो या भुकटीच्या ग्राहकामुळे. महाराष्ट्रातील गोठ्यात दुभत्या जनावराच्या आंबोणात जी जागा सरकीच्या किंवा शेंगदाण्याच्या पेंडीची असते, तिच्या शेजारी ब्रिटिश गोठ्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासूनच मांस-अस्थिचूर्णालाही स्थान मिळाले होते. गाय रवंथ करणारी, गवतावर जगणारी. परंतु युद्धोत्तर काळात अधिकाधिक दूध देणाऱ्या जातींची निवड होत गेली, तेव्हा केवळ गवत आणि मुरघास यांवर तिच्या शरीराची प्रथिनांची गरज भागेना. सोयाबीन आयात करावे लागे आणि त्याचे भाव चढउतार करीत. मांस-अस्थिचूर्ण मात्र देशातच तयार होई. पशुखाद्याच्या गिरण्या बाजारभाव पाहून मिश्रणातील घटक बदलत असत. तयार खाद्यात या भुकटीचे प्रमाण सहसा काही टक्क्यांपलीकडे जात नसे, आणि गोणीवरच्या मजकुरात प्रथिनांचे एकूण प्रमाण दिलेले असले तरी ती प्रथिने वनस्पतींची की प्राण्यांची, हे शेतकऱ्याला बहुधा कळत नसे. दुधाच्या धंद्यात वासरांना आईपासून लवकर तोडून तयार खाद्यावर वाढवले जाई, तर केवळ मांसासाठी पाळलेल्या कळपांत वासरे आईच्या दुधावर आणि कुरणावर वाढत. पुढे हा रोग दुधाच्या कळपांत कितीतरी अधिक का आढळला, याचे कारण या एका फरकात आहे.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी या कारखान्यांची पद्धत बदलली. पूर्वी माल घाण्याघाण्याने शिजवला जाई आणि उरलेली चरबी काढण्यासाठी रासायनिक द्रावक वापरून नंतर तो वाफेने उडवून लावला जाई. नव्या यंत्रांत माल एका टोकाने सतत आत जाई आणि दुसऱ्या टोकाने बाहेर येई, आणि द्रावकाचा टप्पा बहुतेक ठिकाणी बंद झाला, कारण इंधन महागले होते आणि चरबीला पूर्वीसारखा भाव उरला नव्हता. १९८१ मध्ये या व्यवसायासाठी जो शासकीय आदेश निघाला त्याचा रोख साल्मोनेलासारख्या जिवाणूंवर होता. तयार मालात असे जंतू सापडत नाहीत ना, एवढे तपासले की पुरे, अशी त्यामागची धारणा होती. पद्धतीतील बदलामुळेच रोगाला वाट मिळाली, असे प्रारंभी मानले गेले. परंतु पुढील चौकशीत असे दिसून आले की जुनी पद्धतही या रोगाच्या कारकाला पूर्णपणे नष्ट करू शकली नसती. दोष एखाद्या यंत्राचा नव्हता. गायीचे अवशेष गायीलाच पुन्हा खाऊ घालण्याचे चक्र हा मूळ दोष होता, कारण अशा चक्रात एका जनावराचा रोग शेकडो जनावरांत आणि त्यांच्या अवशेषांतून हजारो जनावरांत पसरू शकत होता.

या रोगाच्या कुळाची माहिती विज्ञानाला अगदीच नवी नव्हती. मेंढ्यांना होणारा स्क्रेपी हा रोग ब्रिटनमध्ये अठराव्या शतकापासून नोंदलेला आहे. त्यात मेंढी खाज सुटल्याप्रमाणे कुंपणाला अंग घासते, तिचा तोल जातो आणि अखेर ती मरते. मनुष्यात तशाच स्वरूपाचा, दुर्मिळ आणि बहुधा उतारवयात होणारा आजार १९२० च्या सुमारास क्रॉइट्झफेल्ट आणि याकोब या जर्मन वैद्यकांनी वर्णिला आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. पापुआ न्यू गिनीतील फोरे जमातीत मृत आप्तांचे शरीर अंत्यसंस्काराचा भाग म्हणून खाण्याची प्रथा होती आणि त्या प्रथेतून कुरू नावाचा जीवघेणा मेंदूविकार पसरला होता. अमेरिकी पशुवैद्यक विल्यम हॅडलो यांनी १९५९ मध्ये स्क्रेपी आणि कुरू यांतील मेंदूच्या विकृतींचे साम्य दाखवून दिले, आणि त्यानंतर कार्लटन गायडुसेक यांनी कुरू हा रोग वानरांत संक्रमित होतो हे सिद्ध केले, ज्यासाठी त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या साऱ्या रोगांत मेंदूच्या पेशीजालात सूक्ष्म छिद्रे पडून ते स्पंजासारखे दिसू लागते. शरीरात ताप किंवा सूज यांसारखी प्रतिक्रिया उमटत नाही. आणि संसर्गापासून लक्षणांपर्यंतचा काळ, ज्याला अधिशयनकाळ म्हणतात, तो कित्येक वर्षांचा, कुरूमध्ये तर दशकांचाही असतो.

या रोगांचा कारक जिवाणूही नाही आणि नेहमीच्या अर्थाने विषाणूही नाही. स्टॅन्ले प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये असे मांडले की तो केवळ प्रथिनाचा बनलेला आहे, आणि त्याला त्यांनी प्रायॉन हे नाव दिले. या कार्यासाठी त्यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्राण्यांच्या चेतापेशींवर मुळातच असणाऱ्या एका प्रथिनाची घडी चुकीच्या रीतीने पडते, आणि असे विकृत प्रथिन शेजारच्या निरोगी प्रथिनांनाही तशीच विकृत घडी घ्यायला लावते, असे या सिद्धान्ताचे सार आहे. त्यात नेहमीची आनुवंशिक द्रव्ये नसल्यामुळे उकळणे, शिजवणे, तळणे किंवा सामान्य जंतुनाशके यांनी तो नाहीसा होत नाही. स्वयंपाकघरातील स्वच्छता आणि नीट शिजवणे हे अन्नसुरक्षेचे जे दोन जुने आधार, ते या रोगापुढे निरुपयोगी ठरतात, आणि म्हणूनच संरक्षणाची सगळी जबाबदारी स्वयंपाकघराच्या आधीच्या टप्प्यांवर येऊन पडते.

गायींमधील या रोगाचा आरंभीचा ज्ञात प्रसंग डिसेंबर १९८४ मधील आहे. इंग्लंडच्या दक्षिणेस, ससेक्स परगण्यातील पिट्सहॅम फार्म येथील एका गायीची पाठ कमानीसारखी वाकली होती आणि वजन घटत होते. पुढे तिचे डोके थरथरू लागले, चालण्यातला ताळमेळ गेला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ती दगावली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या शेतावरील आणखी एका गायीच्या मेंदूची तपासणी वेब्रिज येथील मध्यवर्ती पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत झाली आणि त्यात स्पंजासारखी विकृती नोंदली गेली, परंतु तिचा संबंध विषबाधेशी असावा असे मानले गेले. नोव्हेंबर १९८६ मध्ये वेगवेगळ्या भागांतून आलेल्या मेंदूंची तपासणी करताना तेथील विकृतिशास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की हा गायींमधील स्क्रेपीसदृश नवाच रोग आहे. त्याला बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्केफॅलोपथी, म्हणजे गोवंशातील मेंदूचा स्पंजसदृश विकार, असे नाव मिळाले आणि पुढे बीएसई हे त्याचे संक्षिप्त रूप रूढ झाले. गेराल्ड वेल्स आणि त्यांचे सहकारी यांचा शास्त्रीय लेख मात्र ऑक्टोबर १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात, विशेषतः १९८७ च्या पूर्वार्धात, निर्यातीवर आणि जनमतावर परिणाम होईल या चिंतेने कृषी मंत्रालयाने माहितीचा प्रसार आवरून धरला, त्यामुळे गावोगावच्या पशुवैद्यकांना नव्या रोगाची खबर उशिरा मिळाली.

रोगाचे नाव निश्चित होताच त्याचा मार्ग शोधण्याचे काम साथरोगतज्ज्ञ जॉन वाइल्समिथ यांच्याकडे आले. त्यांनी बाधित कळपांची पद्धतशीर पाहणी करून लसी, कीटकनाशके, आयात केलेली जनावरे, मेंढ्यांचा सहवास असे एकेक संभाव्य कारण बाजूला सारले, आणि सर्व कळपांना समान असे एकच सूत्र उरले, ते म्हणजे मांस-अस्थिचूर्ण मिसळलेले तयार खाद्य. १९८७ च्या अखेरीस हा निष्कर्ष त्यांच्या हाती होता. रोग मुळात मेंढ्यांच्या स्क्रेपीपासून आला, की सत्तरीच्या दशकात एखाद्या गायीत आपोआप उद्भवला, याविषयी पुढेही मतभेद राहिले. परंतु तो पसरला कसा, याविषयी वाइल्समिथ यांचे उत्तर काळाच्या कसोटीला उतरले. कारकाचे स्वरूप पुरते ठाऊक नसतानाही केवळ नोंदींच्या चिकाटीच्या अभ्यासातून प्रसाराची वाट सापडली, ही या इतिहासातील सर्वांत आदरणीय कामगिरी मानावी लागेल.

सरकारने १९८८ मध्ये जे निर्णय घेतले ते तत्त्वतः योग्य होते. जूनमध्ये हा रोग आढळल्यास कळवणे कायद्याने बंधनकारक झाले, आणि १८ जुलैपासून रवंथ करणाऱ्या जनावरांची प्रथिने रवंथ करणाऱ्या जनावरांना खाऊ घालण्यास बंदी आली. ऑगस्टमध्ये रोगट जनावरांची सक्तीने कत्तल करून ती नष्ट करण्याचा आदेश निघाला, मात्र भरपाई जनावराच्या मूल्याच्या निम्मीच ठेवण्यात आली. आजारी जनावर लपवून बाजारात नेण्याचा मोह यामुळे होईल, अशी टीका झाल्यावर फेब्रुवारी १९९० मध्ये पूर्ण भरपाई मान्य करण्यात आली. दरम्यान ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड साउथवुड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने फेब्रुवारी १९८९ मध्ये आपला अहवाल दिला. मनुष्याच्या आरोग्यावर परिणाम होण्याची शक्यता फारच कमी आहे, असे त्यात म्हटले होते. परंतु आपले अनुमान चुकीचे ठरल्यास परिणाम अत्यंत गंभीर होतील, हेही समितीने त्याच अहवालात नोंदवले होते. स्क्रेपीग्रस्त मेंढ्यांचे मांस दोन शतके खाऊनही मनुष्याला काही झाले नाही, मग गायीपासूनही होणार नाही, असा या अनुमानाचा आधार होता. पुढील सात वर्षे अहवालाच्या पहिल्या वाक्याचा उच्चार सतत होत राहिला आणि दुसरे वाक्य जवळजवळ विस्मृतीत गेले.

तरीही नोव्हेंबर १९८९ मध्ये सरकारने साउथवुड समितीच्या शिफारशींपलीकडे जाऊन एक असा निर्बंध आणला, ज्याने कदाचित सर्वाधिक प्राण वाचवले. गायीचा मेंदू, मज्जारज्जू, प्लीहा, थायमस ग्रंथी, टॉन्सिल आणि आतडी हे अवयव मनुष्याच्या अन्नात वापरण्यास बंदी करण्यात आली. या बंदीमागचे शास्त्र आजही ग्राह्य आहे. रोगाची संसर्गशक्ती मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जू यांत साठते. स्नायूंच्या मांसात ती प्रयोगांत आढळली नाही किंवा नगण्य आढळली, आणि दुधातून रोग पसरल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे निव्वळ मांसाचा तुकडा आणि खिमा, सॉसेज, मांस भरलेली पेस्ट्री (पाय) किंवा बर्गर यांसारखे मिश्र पदार्थ यांच्या धोक्यात महत्त्वाचा फरक होता. हाडांना चिकटून राहिलेले मांस यंत्राच्या दाबाने खरवडून काढण्याची एक पद्धत उद्योगात रूढ होती. तिच्यातून निघणारा लगदा स्वस्त मिश्र पदार्थांत घातला जाई, आणि कणा या यंत्रात जात असल्याने मज्जारज्जूचे राहिलेले तुकडे व कण्यालगतच्या चेताग्रंथीही त्या लगद्यात उतरत. कण्यापासून असा लगदा काढण्यास बंदी यायला डिसेंबर १९९५ उजाडला. बेशुद्ध केलेल्या जनावराच्या मेंदूत सळई घालण्याची कत्तलखान्यातील प्रथाही धोकादायक होती, आणि ती २००१ मध्ये युरोपभर बंद झाली.

मे १९९० मध्ये ब्रिस्टल येथील एका सयामी मांजरात याच कुळाचा रोग आढळला आणि लोकांच्या मनातील भीती उफाळून आली, कारण स्क्रेपीचा आजार मांजरांत कधी दिसला नव्हता. प्रजातींमधील अडसर हा रोग ओलांडू शकतो, याची ती पहिली सार्वजनिक खूण होती. अनेक स्थानिक प्राधिकरणांनी शाळांच्या जेवणातून गोमांस काढून टाकले. मुख्य वैद्यकीय अधिकारी डोनाल्ड ॲचेसन यांनी गोमांस सर्वांनी निर्धास्त खावे असे जाहीर केले, आणि कृषिमंत्री जॉन गमर यांनी इप्सविच येथे छायाचित्रकारांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर देऊ केला. लीड्सचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेसी यांच्यासारख्या इशारा देणाऱ्यांना भयगंड पसरवणारे ठरवण्यात आले. गोमांस सुरक्षित आहे या घोषणेचा खरा अर्थ असा होता की, घातलेली बंधने काटेकोर पाळली गेली तर गोमांस सुरक्षित आहे. परंतु ही अट उच्चारली गेली नाही. ज्यांनी ती अट अमलात आणायची त्या कत्तलखान्यांतील कामगारांना आणि निरीक्षकांनाही त्या घोषणेतून असाच संदेश मिळाला की हे नियम म्हणजे केवळ अतिरिक्त काळजी आहे, त्यांच्यावर कोणाचा जीव अवलंबून नाही.

याचे परिणाम आकड्यांत दिसतात. रोगाचा अधिशयनकाळ सरासरी ५ वर्षांचा असल्याने १९८८ च्या बंदीचा परिणाम दिसायला वेळ लागणारच होता, आणि १९९२ मध्ये ३६ हजारांहून अधिक प्रकरणांची नोंद होऊन साथ शिखराला पोहोचली. १९९३ च्या आरंभी आठवड्याला सुमारे १ हजार नवी जनावरे बाधित आढळत होती. परंतु बंदीनंतर जन्मलेल्या जनावरांतही रोग दिसू लागला आणि त्यांची संख्या पुढे ४० हजारांवर गेली. डुकरे आणि कोंबड्या यांच्या खाद्यात मांस-अस्थिचूर्ण वापरण्याची मुभा कायम होती आणि तेच खाद्य त्याच गिरणीत, त्याच यंत्रांतून दळले जाई. एका घाण्याचा उरलेला अंश दुसऱ्या घाण्यात मिसळे. इतक्या अल्प अंशाने काही होत नाही असा समज होता, पण वेब्रिजच्या प्रयोगांत रोगट मेंदूचा अवघा १ ग्रॅम वासराला रोग देण्यास पुरेसा ठरला आणि पुढच्या प्रयोगांत १ मिलिग्रॅमनेही बाधा होऊ शकते असे दिसले. दुसरीकडे १९९५ मध्ये सरकारी पशुवैद्यकांनी पूर्वसूचना न देता कत्तलखान्यांना भेटी दिल्या, तेव्हा वर्ज्य अवयवांची हाताळणी अनेक ठिकाणी सदोष आढळली, आणि तपासून शिक्का मारलेल्या काही धडांवर मज्जारज्जूचे तुकडे तसेच होते. १९९६ च्या ऑगस्टपर्यंत सस्तन प्राण्यांचे मांस-अस्थिचूर्ण सर्वच पाळीव जनावरांच्या खाद्यातून पूर्णपणे बाद झाले, आणि त्यानंतरच ती गळती खऱ्या अर्थाने बंद झाली.

मनुष्यातील परिणामांवर नजर ठेवण्यासाठी १९९० मध्ये एडिंबरा येथे रॉबर्ट विल यांच्या नेतृत्वाखाली एक राष्ट्रीय निरीक्षण केंद्र स्थापन झाले होते, आणि ती दूरदृष्टी १९९६ मध्ये उपयोगी पडली. क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग सामान्यतः साठीच्या पुढच्यांना होतो आणि काही महिन्यांत मृत्यू ओढवतो. या केंद्राकडे मात्र विशी-तिशीतील, काही तर किशोरवयातील रुग्ण येऊ लागले. त्यांचा आजार औदासीन्य, चिंता, अंगदुखी अशा लक्षणांनी सुरू होई, त्यानंतर तोल जाणे, अनैच्छिक हालचाली आणि स्मृतिभ्रंश येई, आणि सरासरी १४ महिन्यांत मृत्यू येई. अशा आजाराने दगावलेला पहिला रुग्ण अवघ्या १९ वर्षांचा होता आणि तो मे १९९५ मध्ये मरण पावला. जेम्स आयर्नसाइड यांनी या रुग्णांच्या मेंदूंत प्रथिनांच्या साठ्यांभोवती छिद्रांचे कडे असलेली एक वेगळीच विकृती ओळखली. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितले की अशी १० प्रकरणे आढळली असून त्यांचा संबंध बीएसईशी असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. पुढील दीड-दोन वर्षांत जॉन कॉलिंज आणि मॉइरा ब्रूस यांच्या स्वतंत्र संशोधनांनी गायींचा आणि या रुग्णांचा कारक एकच असल्याचे दाखवून दिले.

त्या निवेदनानंतर आठवड्याभरात युरोपीय संघाने ब्रिटिश गोमांसाच्या जगभरातील निर्यातीवर बंदी घातली. ३० महिन्यांपेक्षा अधिक वयाच्या जनावराचे मांस अन्नासाठी वापरायचे नाही, असा नियम देशांतर्गत आला, कारण त्या वयापूर्वी मेंदूत संसर्ग साठण्याची शक्यता फार कमी असते; या नियमाखाली पुढील वर्षांत लक्षावधी जनावरे मारून नष्ट करण्यात आली आणि हा नियम २००५ पर्यंत टिकला. डिसेंबर १९९७ पासून दोन वर्षे हाडासकट गोमांस विकण्यासही मनाई होती. निर्यातबंदी १९९९ मध्ये शिथिल होऊ लागली आणि २००६ मध्ये पूर्णपणे उठली. ज्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या गोपालन केले त्यांनी स्वतः काही चूक न करता आपले कळप डोळ्यांदेखत जाताना पाहिले. गोणीत काय भरले आहे हे त्यांना सांगण्यात आले नव्हते, ही गोष्ट या रोगाच्या इतिहासात न्यायाच्या दृष्टीने नमूद करणे आवश्यक आहे.

रोग ब्रिटनपुरता राहिला नाही, कारण १९८८ मध्ये गायींसाठी निषिद्ध ठरलेल्या भुकटीची निर्यात त्यानंतरही सुरू होती. आयर्लंड, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि पोर्तुगाल येथे रोग आढळला. जर्मनीने आपण मुक्त असल्याचा विश्वास बाळगला होता, पण नोव्हेंबर २००० मध्ये तेथेही स्थानिक प्रकरण सापडले, आणि जानेवारी २००१ पासून युरोपीय संघाने सर्व पाळीव जनावरांच्या खाद्यातून प्राणिजन्य प्रथिने वगळली व अन्नासाठी मारल्या जाणाऱ्या मोठ्या वयाच्या जनावरांच्या मेंदूंची तपासणी सक्तीची केली. सप्टेंबर २००१ मध्ये जपान आणि २००३ मध्ये कॅनडा व अमेरिका या यादीत आले. आपल्या देशाचे मांस सुरक्षित आहे, हे प्रत्येक देशातील सरकारचे पहिले विधान होते, आणि शोधायला लागल्यावरच रोग सापडतो, हा प्रत्येक ठिकाणचा अनुभव होता.

लॉर्ड फिलिप्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीचा १६ खंडांचा अहवाल ऑक्टोबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सरकार जनतेशी जाणूनबुजून खोटे बोलले नाही, असा त्याचा निष्कर्ष होता; धोका नगण्य आहे असे मंत्री आणि अधिकारी मनापासून मानत होते. परंतु लोक घाबरून टोकाची प्रतिक्रिया देतील या काळजीने त्यांना इतके ग्रासले होते की अनिश्चितता मोकळेपणाने सांगण्याऐवजी त्यांनी दिलासा देत राहणे पसंत केले, आणि १९९६ मध्ये सत्य पुढे आले तेव्हा लोकांना आपली फसवणूक झाल्याचे वाटले. शेतकऱ्याचे हित आणि ग्राहकाचे संरक्षण या दोन जबाबदाऱ्या एकाच मंत्रालयाकडे असणे हे या संकटाचे एक मूळ होते. एप्रिल २००० मध्ये स्वतंत्र अन्नमानक संस्था स्थापन झाली आणि २००१ मध्ये जुने कृषी मंत्रालयच विसर्जित करण्यात आले.

या मानवी रोगाने ब्रिटनमध्ये १७८ जणांचा बळी घेतला. २००० मध्ये सर्वाधिक, म्हणजे २८ मृत्यू झाले आणि त्यानंतर संख्या उतरत गेली. एकंदर १ लाख ८० हजारांहून अधिक गायींत रोग निश्चित झाला आणि त्याहून कितीतरी अधिक बाधित जनावरे लक्षणे दिसण्यापूर्वीच खाल्ली गेली, हे लक्षात घेता मनुष्य आणि गाय यांच्यातील जैविक अडसर बराच भक्कम निघाला असे म्हणावे लागते. तथापि रक्तसंक्रमणातून रोग पोहोचल्याची काही मोजकी प्रकरणे आढळली. ब्रिटनने १९९९ पासून दान केलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशी काढून टाकण्यास सुरुवात केली, आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांनी १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये काही महिने राहिलेल्यांचे रक्त घेणे बंद केले. त्या वर्षांत शिक्षणासाठी किंवा रुग्णालयांतील नोकरीसाठी ब्रिटनमध्ये राहून पुढे या देशांत स्थायिक झालेल्या भारतीयांना, त्यांतील मराठी डॉक्टरांनाही, हा निर्बंध लागू झाला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात तो २०२२ मध्ये उठला.

आज ब्रिटनमध्ये खाद्यातून पसरणारा हा रोग जवळजवळ संपला आहे. २०१८ मध्ये स्कॉटलंडमध्ये एक प्रकरण आढळले, आणि वृद्ध गायींत आपोआप उद्भवणारे रोगाचे तुरळक प्रकार अधूनमधून नोंदले जातात. परंतु मेंदू व मज्जारज्जू वगळण्याचा नियम आणि खाद्यबंदी या दोन्ही गोष्टी पाळल्या जात असल्याने अशा प्रकरणांची साथ होत नाही. गोमांस खाण्यात आज या रोगाचा धोका अत्यल्प आहे, हे विधान आता खरे आहे, आणि ते खरे असण्याचे कारण गिरणीतील स्वतंत्र यंत्रे, कत्तलखान्यातील वेगळी भांडी, प्रत्येक जनावराचा नोंदलेला जन्मदिनांक आणि पूर्वसूचनेशिवाय येणारा निरीक्षक हे आहे. असे नियम खर्चिक आणि कंटाळवाणे असतात. रोग दिसेनासा झाला की ते निरर्थक वाटू लागतात आणि ते सैल करण्याची मागणी पुढे येते. ब्रिटनच्या अनुभवाने एवढे निश्चितपणे शिकवले आहे की अन्नाच्या सुरक्षिततेची ग्वाही ज्या अटींवर उभी असते, त्या अटी ग्वाहीबरोबरच लोकांना सांगितल्या गेल्या पाहिजेत, म्हणजे त्या पाळल्या जात आहेत की नाहीत हे विचारण्याचा अधिकार त्यांच्या हाती राहतो. १९८९ मधील बंदी जारी करणाऱ्यांनी ती काटेकोरपणे पाळली जाते की नाही हे तेवढ्याच आग्रहाने पाहिले असते, तर त्या १७८ जणांपैकी काहीजण तरी आज जिवंत असण्याची शक्यता होती.